कावळ्याचं पान

हिंदुरावांनी जन्मभर जेवणाकडे कधी बघितलं नव्हतं. ते फक्त जेवले होते. देशावरून येऊन अंबरनाथच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले तेव्हा जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातच हात धुवायची रांग, डबा गरम करायची रांग, आणि भोंगा झाला की ताटावरून उठायचं. अशा माणसाने घास चावायचा कधी? पुढे कारखाना बंद पडला, त्या जागेवर टॉवर उभे राहिले, हिंदुराव बदलापुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तरी त्यांचं जेवण भोंग्यावरच चालू राहिलं. एक घास तोंडात असतानाच दुसरा हातात तयार असायचा. आणि गोड दिसलं की विचारूच नका.

साखरेचा आजार त्यांना जुनाच होता. पण गेल्या वर्षी पायाच्या अंगठ्याला साधी ठेच लागली ती भरेचना, आणि डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "काका, असंच खात राहिलात तर पुढच्या वेळी अंगठा इथेच ठेवून जावं लागेल." त्या दिवसापासून घरातले गोडाचे डबे कुलपात गेले. म्हणून काय हिंदुरावांचं अडलं? सोसायटीत कुणाचाही वाढदिवस असो, हे आशीर्वाद द्यायला सर्वांत पुढे. देवळात प्रसाद घ्यायचा, प्रदक्षिणा घालायची, की पुन्हा प्रसादाच्या रांगेत. पुजाऱ्याला वाटे, म्हातारा फार भाविक आहे.

शेवटी सुनेने त्यांना हातात घेतलं. श्रद्धा अंबरनाथला मधुमेहाच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसायची. तिथल्या आहाराच्या मॅडम पेशंटना 'माइंडफुल ईटिंग' शिकवत. श्रद्धाने ते ऐकून ऐकून पाठ केलं आणि घरच्यासाठी त्याचं नाव ठेवलं, भान ठेवून खाणं.

"बाबा, हा मनुका तळहातावर घ्या. आधी नुसता बघा."

"बघितला."

"कसा दिसतोय?"

"मनुक्यासारखा."

"हुंगा. आता ओठांना लावा. आता जिभेवर ठेवा, पण चावायचा नाही हं."

"मग ठेवायचा कशाला गं?" असं म्हणेपर्यंत मनुका पोटात गेलेलासुद्धा असायचा. श्रद्धा हसायची आणि दुसरा मनुका ठेवायची. ती चिडली असती तर हिंदुरावांनी पहिल्याच आठवड्यात हे खूळ सोडून दिलं असतं. पण ती चिडायची नाही, आणि तिथेच त्यांची पंचाईत व्हायची.

दुसरा धडा उबळीचा होता. गोडाची उबळ आली की हात पुढे करायचा नाही, आधी विचारायचं: ही भूक कुठली? पोटाची, जिभेची की मनाची? पोटाची असेल तर भाकरी खायची. जिभेची असेल तर बडीशेप चघळायची. आणि मनाची असेल तर काहीच करायचं नाही, नुसतं बसून राहायचं. "उबळ आपोआप जाते बाबा, आपण तिच्या मागे गेलो नाही तर," श्रद्धा सांगायची.

हिंदुराव मान डोलवायचे. त्यांची उबळ एकदाही आपोआप गेली नव्हती. काहीतरी तोंडात टाकलं तरच जायची, नाहीतर कुणी समोर आलं म्हणून दबायची. पण कुलूप होतं, सुनेची नजर होती, त्यामुळे साखर खरोखर खाली आली, आणि श्रद्धाला वाटलं की मनुका कामाला आला. दवाखान्यात ती पेशंटना सांगायला लागली, "आमचे बाबा बघा, या वयात शिकले." एकदा हिंदुराव तपासणीला गेले तर दोन बायका उठून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, तुम्हीच का ते? हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला. खोटा मान असला तरी तो गोडच लागतो, आणि गोड त्यांना सोडवत नव्हतं.

त्यांची बायको रखमा दोन वर्षांपूर्वी गेली. ती बदलापूर गावातली, आणि तिचा एकच शौक, बालूशाही. पगाराच्या दिवशी हिंदुराव वाकडी वाट करून उल्हासनगरला उतरायचे, कॅम्पातल्या एका सिंधी हलवायाकडून तुपातली बालूशाही बांधून घ्यायचे. एक तिची, बाकीच्या सगळ्या यांच्या. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत तिने मुलाकडे तीच मागितली होती. "अभिजीत, एक बालूशाही आणशील रे?" तिचीही साखर वाढलेली, डॉक्टरांनी सक्त मना केलेलं. अभिजीत दमलेला होता, तो खेकसला, "आई, जरा तोंडावर ताबा ठेव गं!" ती गप्प झाली. नंतर ती काही मागायच्या स्थितीतच राहिली नाही.

दहाव्याला उल्हास नदीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवला नाही. सगळ्यांनी हात जोडून सगळं कबूल करून बघितलं. बाबांना सांभाळीन म्हटलं, मावशीला विचारीन म्हटलं, बालूशाही देईन म्हटलं. समोरच्या झाडावर कावळे होते, पण खाली एक येईना. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. त्या दिवसापासून अभिजीतची झोप गेली. पंखा बघत पडून राहायचा. गेल्या वर्षीच्या पितृपक्षातही पान तसंच राहिलं, आणि मुंग्या लागल्यावर अभिजीतनेच ते उचललं. त्या दिवशी तो जेवला नाही.

यंदा अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान मांडायच्या दिवशी, अभिजीतने रजा टाकली. आदल्या संध्याकाळी स्वतः उल्हासनगरला जाऊन बालूशाही आणली. रखमाची मोठी बहीण अंजनीबाई गावातून परसातलं केळीचं पान घेऊन आली. श्रद्धाने पहाटेपासून रांधलं. भात, वरण, तांदळाची खीर, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी, आणि पानाच्या मध्यावर, सगळ्यांच्या वर, एक बालूशाही.

पान गच्चीवर ठेवलं. सगळे हात जोडून उभे राहिले. गच्चीवर कबुतरं होती, कावळा नव्हता.

"गावात ठेवलं असतंस तं कवाच आला असता," अंजनीबाई म्हणाली. "हितं या टावरात त्याला काय दिसनार हाय?"

"मावशी, येईल गं," अभिजीत म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरायला लागला होता, आणि तो हिंदुरावांना बघवत नव्हता.

कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवणार नव्हतं. बराच वेळ गेल्यावर अंजनीबाईनेच तोडगा काढला. एवढी माणसं बघून तो बुजतो, सगळ्यांनी खाली चला. एकाने लांब बसून नुसती कबुतरं हाकलावीत. "दाजी, तुमीच बसा. तुमची बायको व्हती ती, तुमाला बगून तरी येईल."

अशा रीतीने घरातल्या सर्वांत हावऱ्या माणसाला भरल्या पानाची राखण सोपवून सगळे खाली गेले.

हिंदुराव पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. सकाळपासून पोटात बिनसाखरेचा चहा होता, बाकी काही नाही. वारा इकडून तिकडे फिरला की तुपाचा वास यायचा. उबळ आली. त्यांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं स्वतःला विचारलं, भूक कुठली? पोटाची? होय. जिभेची? होय. मनाची? तीही होय. आता तिन्हीकडून होकार आल्यावर काय करायचं, हे श्रद्धाने सांगितलं नव्हतं.

ते उठून पानाजवळ गेले. नुसतं बघायला. बघायला काय हरकत आहे, धड्यातलं पहिलं कलमच ते. बालूशाहीवर पाकाची पांढरी साय धरली होती, मध्ये बोटाने दाबल्याचा खळगा होता. त्यांनी ती उचलून हुंगली. हेही धड्यातलंच. मग ओठांना लावली. मग जिभेवर एक कण ठेवला, आणि देवाशपथ, चावला नाही. तो आपोआप विरघळला. कारखान्याच्या गेटबाहेरची संध्याकाळ, हातातला पुडा, दार उघडणारी रखमा, सगळं त्या एका कणात होतं. आयुष्यात पहिल्यांदा हिंदुराव भान ठेवून खात होते, आणि खात होते ते मेलेल्या बायकोचं.

त्यानंतर भान कुठलं राहायला? कुठेतरी भोंगा वाजणार होता. बालूशाही संपली, वडे संपले, खीर त्यांनी बोटांनी निपटून घेतली, वरणभात कालवून चार घासांत खाल्ला. ढेकर आला. तोंडातून सवयीने "अन्नदाता सुखी भव" निघालं, आणि सवयीनेच, पंगतीतून उठताना मिटतात तसं, त्यांनी पान मिटलं. मग हात धुवायला टाकीमागच्या नळावर गेले.

पाणी हातावर पडल्यावर ते जागे झाले.

आपण काय केलं ते त्यांना कळलं. पोराने आईसाठी आणलेला घास आपण गिळला. जिला एक मिळाली नाही म्हणून दोन वर्षं घर सुतकात आहे, तिचीच आपण खाल्ली. त्यांना स्वतःची एवढी किळस आली की तोंडात बोटं घालून ओकून टाकावं असं वाटलं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. गच्चीचं दार करकरलं. हिंदुराव टाकीमागे जागच्या जागी थिजले, आणि मग त्यांना आठवलं, पान मिटलेलं आहे.

श्रद्धा होती. तिची पावलं पानापर्यंत आली आणि थांबली. मग पानाची सळसळ झाली, आणि मग श्रद्धाचा आवाज, जिन्यातून खाली ओरडणारा, "अहो, वर या! मावशी! शिवला! कावळा शिवला!"

ते बाहेर आले तेव्हा पान उघडं पडलं होतं. चार शितं इकडेतिकडे उडवलेली होती. आणि पानाच्या मधोमध, शिरेच्या अलीकडे, एक आडवी घडी होती. ती काही पुसली जाण्यासारखी नव्हती. श्रद्धाने त्यांच्याकडे बघितलं नाही.

अभिजीत धावत आला, पानासमोर गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "आई, मिळाली ना गं? मिळाली ना तुला?" अंजनीबाईने पदराने डोळे टिपले. "सुटला जीव तिचा. अडकला व्हता, आता सुटला."

अभिजीतने पान उचललं. घडीवरून त्याचं बोट फिरलं. "हे मध्येच दुमडलंय."

"एक आला की समदे उतरत्यात. पंख लागला असंल," अंजनीबाई म्हणाली.

"बाबा, तुम्ही बघितलंत ना? आधी काय उचललं त्याने?"

खोटं बोलायची गरजच नव्हती. "बालूशाही," हिंदुराव म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली. अभिजीतला वाटलं, बाबांना भरून आलंय. त्याने बापाला मिठी मारली.

जेवायला पंगत बसली. अभिजीत किती दिवसांनी पोटभर जेवत होता, दुसऱ्यांदा भात मागत होता. हिंदुरावांच्या ताटातला भात होता तिथेच होता. अभिजीतने डबा उघडून त्यांच्या ताटात एक बालूशाही ठेवली. "घ्या बाबा, आजच्या दिवस. आईने खाल्ली, तुम्हीही खा. श्रद्धा काही म्हणणार नाही."

"राहू दे," श्रद्धा म्हणाली. "बाबांना भूक नसेल."

हिंदुरावांनी बालूशाही उचलून परत डब्यात ठेवली. अभिजीत बघतच राहिला. "मानलं बाबा तुम्हाला! मावशी, बघ, समोर बालूशाही आणि आमचे बाबा नको म्हणतात. श्रद्धा, तुझ्या मॅडमना सांग हे."

"सांगीन," श्रद्धा म्हणाली आणि वाढायला उठली. कुणी चारचौघांत कानाखाली मारली असती तरी हिंदुरावांना एवढं लागलं नसतं.

दुपारी अंजनीबाई रिक्षाने गावात परतली. अभिजीत सोफ्यावर आडवा झाला तो तसाच झोपला, तोंड उघडं टाकून, घोरत. हिंदुराव स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. श्रद्धा भांडी घासत होती.

"पोरी, ते पान..."

"कावळे पान मिटत नाहीत, बाबा."

ती वळली नाही. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. वर्षभर आपण कुणाला मनुके देत बसलो, असं काहीतरी त्या आवाजात होतं.

"मी सांगतो अभिजीतला. आत्ता उठला की सांगतो."

"सांगा. तुमच्या मनावरचं उतरेल." तिने नळ बंद केला. "पण ते कुणाच्या मनावर जाऊन बसेल, ते आधी बघा. दोन वर्षांनी झोपलाय तो."

हिंदुरावांनी सोफ्याकडे बघितलं. कबुली देऊन मोकळं व्हायची वाटसुद्धा त्यांनी स्वतःच बंद करून टाकली होती.

श्रद्धाने हात पुसले, डबा उघडला, एका वाटीत एक बालूशाही ठेवली आणि वाटी त्यांच्यापुढे धरली.

"वर ठेवून या. आईंची राहिलीय."

उन्हं कलली होती. गच्चीवर कुणी नव्हतं. हिंदुरावांनी मघाच्या पानाच्याच जागेवर वाटी ठेवली आणि तिथेच, दोन हात अंतरावर, बसले. आणि लाज वाटावी अशी गोष्ट, उबळ पुन्हा आली. भरल्या पोटी, एवढं सगळं झाल्यावरही. त्यांनी विचारलं, पोटाची? नाही. जिभेची? नाही. मग मनाची. मनाची असेल तर नुसतं बसून राहायचं. ते बसून राहिले. तोंडाला पाणी सुटलं, ते गिळलं. हात मांडीखाली दाबून धरले. उबळ वाढली, घशाशी आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हळूहळू ती जायला लागली. कुणी समोर आलं नव्हतं. तोंडात काही टाकलं नव्हतं. ती खरंच आपोआप गेली. श्रद्धा सांगत होती ते खरं होतं तर.

मग हिंदुरावांनी हात जोडले. "रखमा," ते म्हणाले, "तुझं पान मी खाल्लं गं. पोराच्या हातचं होतं. मी हावरा आहे. दर पगाराला तुला एक द्यायचो आणि बाकीच्या मी खायचो, तेव्हाही तू कधी दुसरी मागितली नाहीस. ही तुझी आहे. मी हात लावला नाही."

कठड्यावर कावळा कधी येऊन बसला ते त्यांना कळलं नाही. त्याने मान वाकडी करून हिंदुरावांकडे बघितलं. ते मागे सरकलेसुद्धा नाहीत, तेवढं भान राहिलं नाही. कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून वाटीपाशी आला, बालूशाही चोचीत धरली आणि उडाला.

हिंदुराव वाटी घेऊन जिना उतरले ते जवळजवळ धावतच. ठेचाळलेला अंगठा दुखत होता, तरी. कुणालातरी सांगायचं होतं. पण घरात शिरल्यावर पाय थांबले. अभिजीत अजून झोपला होता, आणि त्याच्या लेखी कावळा दुपारीच शिवून गेला होता. त्याला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. राहिली एकटी श्रद्धा.

ती दारातच उभी होती. तिने रिकाम्या वाटीकडे बघितलं.

"शिवला," हिंदुराव हळू आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पोरी, खरंच शिवला."

श्रद्धाने त्यांच्या मिशीकडे बघितलं, मग बोटांकडे. मग त्यांच्या हातातून वाटी घेतली.

"हात धुवून घ्या, बाबा," ती म्हणाली.

हिंदुरावांनी आपले हात बघितले. कोरडे होते, स्वच्छ होते. ते बेसिनपाशी गेले आणि साबण लावून, नीट, धुवायला लागले.